टाकीखालचे लाल ठिपके

१

ग्रंथपालबाईंनी वाचनालयाचं दार उघडलं, भिंतीवरचा मोठा पडदा चालू केला आणि हातातली किल्ली हातातच राहिली. नकाशावरची टाकीखालची वस्ती हिरवीगार झाली होती.

काल संध्याकाळी दार लावताना तीच वस्ती गोवर उठल्यासारखी लाल होती. घरटी एक ठिपका, आणि ठिपका म्हणजे तक्रार. नळाला काळं पाणी येतं, पाण्याला गटाराचा वास येतो, पोरगं ओकतंय. आता एक ठिपका औषधाला नव्हता. जणू रातोरात वस्तीच्या नळांना अमृत सुटलं होतं.

हा नकाशा विद्यापीठाच्या पोरांनी बनवला होता. जागा वाचनालयाची, तक्रारी वस्तीच्या, आणि फोटो छापून यायचा तेव्हा चेहरा प्राध्यापकांचा. अशी ती भागीदारी. माणसाने आपल्या फोनवर तक्रार लिहिली की त्याच्या घरावर लाल ठिपका उमटायचा. तक्रार नसेल तिथे हिरवं. आज दुपारी याच वाचनालयाच्या सभागृहात नगरपालिकेची सुनावणी होती. त्या वेळी पडद्यावर जे दिसेल ते पाहून यंदाची नवी जलवाहिनी कुठे टाकायची ते ठरणार होतं. हिरव्या वस्तीत कोण कशाला खड्डे खणतोय?

पहिले आले ते प्राध्यापक. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला विद्यापीठाचं ओळखपत्र. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "लोकांनी आपल्याच हाताने काढल्या तर आपण काय करणार, बाई? तक्रार त्यांची, हक्कही त्यांचा."

मग धापा टाकत लंबू आला. हा विद्यार्थी दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकून चालायचा. नकाशामागचा सगळा प्रोग्राम त्याचा. त्याने संगणक उघडला, बराच वेळ खुडबुड केली आणि पडेल आवाजात सांगितलं की बाहेरून कुणी शिरलेलं नाही. काल संध्याकाळनंतर प्रत्येक तक्रार ज्याची त्याच्याच फोनवरून गेली आहे. आणि गेली ती गेली. एकदा काढलेल्या तक्रारीची प्रत मागे ठेवायची नाही ही वस्तीचीच अट होती. उद्या कुणी कागद दाखवून दमदाटी करायला नको म्हणून.

एवढ्यात दारात बाईंची धाकटी बहीण उभी राहिली. ती त्याच वस्तीत शिवणकाम करायची. दारोदार फिरून, म्हाताऱ्यांच्या हातात फोन धरून, तिनेच हे ठिपके उमटवून घेतले होते. केस न विंचरता तशीच पळत आली होती.

"ताई, माझ्या दारासमोर माणसं जमलीयत. म्हणतात, मी नळवाल्याकडून पैसे खाल्ले आणि वस्ती विकली." मग ती प्राध्यापकांकडे वळली. "साहेब, तुम्ही तरी त्यांना येऊन सांगा."

प्राध्यापक आपल्या फोनमध्ये बघत म्हणाले, तपासू, तपासू.

"तपासाल कधी? घरमालकाने सांगितलंय, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

२

आता बाईंचं एक होतं. अर्धा जन्म त्यांनी चौकशीच्या टेबलामागे काढला होता आणि त्यात एक गोष्ट शिकल्या होत्या: वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. माणूस येऊन कायद्याचं पुस्तक मागतो. खरं म्हणजे त्याच्या भावाने त्याला घरातून काढलेलं असतं. म्हणून मागितलेलं पुस्तक लगेच काढून द्यायचं नाही, आधी दोन प्रश्न विचारायचे.

पण बहिणीचं नाव निघालं आणि बाई हे सगळं विसरल्या. तडक वस्तीत गेल्या आणि पोलिसासारखा एकच प्रश्न दारोदार विचारत सुटल्या. तक्रार मागे घेतलीत का?

उत्तरं शिव्यांसकट मिळाली. बहिणीच्या शेजारणीने तर कमरेला पदर खोचून सुनावलं की माझं लेकरू सलाइनवर आहे आणि मी तक्रार मागे घेईन? तुमच्या बहिणीला विचारा. तुम्ही शिकल्यासवरल्या बहिणी-बहिणी मिळून आमचा बाजार मांडला. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कुणीच मागे घेतली नव्हती. एकाही तोंडावर खोटेपणाचा डाग नव्हता, आणि बाईंना तोंडं वाचता येत.

म्हणजे यंत्र सांगतं यांनी काढल्या, आणि माणसं सांगतात आम्ही हात लावला नाही. दोन्ही खरं कसं असेल? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि हे पाणी काही नळाचं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त टपालवाले काका राहायचे. कानाने अधू, पण फोनचे फार हौशी. त्यांच्या पायरीवर बाई मटकन बसल्या. आणि दमल्यामुळे असेल, पण त्यांना आपलं टेबल आठवलं. त्यांनी प्रश्न फिरवला. काका, तुम्ही काय मागे घेतलं ते सोडा. काल संध्याकाळी या फोनवर काय काय केलंत ते मला करून दाखवा.

काका खूश झाले. त्यांनी नवी तक्रार लिहिली, पाणी काळं, ठिपका उमटवला, बाईंना तो कौतुकाने दाखवला. मग सराईतासारखं बोट खाली नेलं आणि एक निळं बटण दाबलं. पडद्यावर 'धन्यवाद' आलं. ठिपका नाहीसा झाला.

"हे का दाबलंत?" बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मिटावी म्हणून," काका म्हणाले.

बटणावर लिहिलं होतं: मिटवा.

३

बाई पायरीवरून उठल्या त्या धावतच सुटल्या. रस्ताभर तो एक शब्द डोक्यात माशीसारखा घोंघावत होता.

भांडण मिटवा. वाद मिटवा. आमची तक्रार एकदाची मिटवा हो साहेब. ज्याला नळाला काळं पाणी येतं त्याला हा शब्द असाच ऐकू येणार. काहीतरी करा, दुरुस्त करा, सोडवा आमचा प्रश्न. पण यंत्राला ही आर्जवं कळत नाहीत. त्याच्या लेखी मिटवा म्हणजे पुसून टाका. सगळ्या वस्तीने काल नगरपालिकेला विनवणी म्हणून ते बटण दाबलं होतं, आणि विनवणीच्या त्याच बोटाने तक्रारीचा गळा दाबला गेला होता. शपथा खऱ्या होत्या, यंत्रही खरं होतं.

पण मग सगळ्यांना एकाच संध्याकाळी ही बुद्धी कशी सुचली?

काकांनी तेही सांगून टाकलं होतं, अगदी सहज. तुमच्या बहिणीने सांगितलं, घरोघर येऊन.

बहीण मशीनपाशी पाय न हलवता बसली होती. बाहेर माणसांचा घोळका, आत अर्धवट शिवलेले कपडे. बाईंनी दार लोटून घेतलं, आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं, नको त्या आवाजात. तूच सांगितलंस ना त्यांना ते बटण दाबायला?

ती म्हणाली, हो. त्यात काय झालं? सुनावणीच्या आदल्या दिवशी दाबलं की तक्रारीला जोर येतो, वर पोचते. बाईंनी तिला बटणाचा दुसरा अर्थ सांगितला. तिने स्वतःचा फोन काढला. आपली स्वतःची तक्रार शोधली. मुलाची, कावीळ झाल्याची. तिथे हिरवं होतं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "बाहेरचे खोटं बोलत नाहीत."

बाईंनी तिचा हात धरला. कुणी सांगितलं तुला हे? तुझ्या डोक्यातून नाही निघालेलं.

"साहेबांनी. काल दुपारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर. म्हणाले, तुमचं ऐकतात सगळे, तुम्हीच सांगा." मग तिने हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. "तू जा ताई आता."

बाई निघाल्या. साहेब म्हटल्यावर पाणीखात्याच्या अभियंत्याशिवाय दुसरं कोण असणार? जलवाहिनी टाकायची नसेल तर तक्रारी गायब होण्यात फायदा त्याचाच. तळपायाची आग मस्तकात गेलेल्या बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा सुनावणीला फार वेळ उरला नव्हता.

४

अभियंत्याचं कार्यालय म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी पंपघराला लागून एक खोली. पंपाच्या घरघरीने टेबलावरच्या चहाला तरंग सुटत होते. माणूस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, नुकताच कुठल्याशा खड्ड्यातून वर आलेला. बाईंनी बसायला मिळायच्या आत तोंड सोडलं. गरिबांच्या तक्रारी पुसून तुम्हाला काय मिळालं, वस्तीत तुमची पोरं राहत नाहीत म्हणून काहीही कराल, असं बरंच काही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बूट काढता काढता म्हणाला की बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो, हिरव्या नकाशात माझा फायदा कसा? टाकीखालची नळाची लाइन माझ्या जन्माच्या आधीची आहे. ती बदला म्हणून मी दरवर्षी वर डोकं आपटतो. वर म्हणतात, लोकांची ओरड कुठे आहे? यंदा पहिल्यांदा ओरड नकाशावर दिसत होती. आज मी मान ताठ करून बसणार होतो. सकाळी फोनवर तुमचा नकाशा पाहिला आणि जेवण गेलं नाही.

बाईंनी त्याच्या बुटांवरचा चिखल पाहिला. हे खोटं वाटत नव्हतं. तरी त्यांनी रेटून विचारलं, मग काल माझ्या बहिणीला पायऱ्यांवर कोण भेटलं? ती स्पष्ट म्हणाली, साहेब.

यावर त्या चिखलाच्या माणसाला हसू आलं.

"तुमची बहीण मला साहेब म्हणेल? माझ्या तोंडावर नळवाला म्हणते ती. एकदा तर 'ए नळवाल्या' म्हणाली होती. माझी बायको सोबत होती."

बाईंना कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. आज सकाळीच, आपल्या समोर, आपल्या वाचनालयात. नळवाल्याकडून पैसे खाल्ले म्हणतात, असं म्हणून बहीण ज्यांच्याकडे वळली होती, ज्यांना तिने साहेब म्हणून हाक मारली होती, ते अभियंता नव्हते.

५

सभागृहात खुर्च्या लागत होत्या. प्राध्यापक आणि लंबू मागच्या पुस्तकांच्या खोलीत पाहुण्यांसाठी भाषणाची तयारी करत होते. बाईंनी आत जाऊन दार लावलं आणि कपाटाला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. बसवेना त्यांना.

"सर, सकाळी तुम्ही आलात आणि पडदा पाहून म्हणालात, लोकांनी आपल्याच हाताने काढल्या. तेव्हा लंबू आला नव्हता. यंत्र उघडलं नव्हतं. मला वाटत होतं कुणी चोर शिरलाय. तुम्हाला कसं कळलं की कुणी शिरलं नाही?"

प्राध्यापक म्हणाले, अंदाज. अशा प्रकल्पांत असं होतं.

बाई म्हणाल्या, बरं, अंदाज. मग दुसरं. हे बटण सुरुवातीपासून होतं, पण वस्तीत शिकवणीचे वर्ग घेतले तेव्हा त्यावर हा शब्द नव्हता. मी प्रत्येक वर्गाला हजर होते, तेव्हा तिथे 'काढून टाका' असं होतं आणि म्हाताऱ्या माणसांनाही ते कळत होतं. शब्द नंतर बदलला. जो माणूस शब्द बदलेल आणि शब्द बदलल्यावर पायऱ्यांवर उभा राहून माझ्या बहिणीला बटण दाबायला सांगेल, तो एकच असला पाहिजे. कारण जुन्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नसतं, आणि नवा शब्द नुसता पडून राहिला असता. सापळा आणि आमिष दोन्ही हवं. आमिष साहेबांनी टाकलं. सगळ्या गावात माझी बहीण साहेब म्हणते ते फक्त तुम्हाला.

"बाई, तुम्ही रहस्यकथा फार वाचता," प्राध्यापक म्हणाले. "शब्द सोपा असावा म्हणून बदलला. भाषेच्या दृष्टीने."

बाईंना आता लंबूला विचारायचं होतं, शब्द कुणी बदलायला लावला. पण ते त्याने सांगितलं नसतं. त्याची पदवी याच सरांच्या सहीवर होती. म्हणून त्यांनी चौकशीच्या टेबलावरचा प्रश्न काढला. नवा शब्द तू पहिल्यांदा वाचलास तेव्हा तुला काय वाटलं रे?

लंबूने बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं. तो इतका उंच होता की खाली बघायलाही त्याला वेळ लागायचा.

"मी सरांना म्हटलं, याचे दोन अर्थ होतात." त्याचा आवाज फाटला. "सर म्हणाले, म्हणूनच तर चांगला आहे."

प्राध्यापकांनी भाषणाचे कागद टेबलावर ठेवले.

मग प्राध्यापक बोलले, आणि ऐकून बाईंना राग यायचा तो अजून आला, कारण माणूस खलनायकासारखा नाही, थकलेल्या कारकुनासारखा बोलत होता. आज बाहेरून पाहुणे येणार होते. नकाशा त्यांना आवडला तर अनेक शहरं तो घेणार होती. पण लाल नकाशा कोण विकत घेतो? पाहुण्यांना प्रश्न नको असतात, प्रश्न सुटलेले दिसावे लागतात. एक दिवसाचा मामला होता. पुढच्या आठवड्यात तक्रारी पुन्हा गोळा केल्या असत्या. लोकांचं नुकसान काय झालं असतं?

"यंदाची जलवाहिनी," बाई म्हणाल्या. "ते पाणी ज्यांच्या पोटात जातं त्यांना विचारा."

प्राध्यापक पुढे सरकले, आवाज खाली आणला. ऐका माझं. मी जाहीर करतो की तांत्रिक बिघाड झाला. तुमच्या बहिणीवरचा ठपका आत्ताच्या आत्ता जाईल, संध्याकाळी तिची खोलीही राहील. सुनावणी पुढे ढकलू, पुढच्या वर्षी यादीत वस्ती पहिली. वाचनालयाला दिलेले संगणकही राहतील. कुणाची बदनामी नाही, कुणाचं नुकसान नाही. आपण हे इथेच मिटवून टाकू.

बाईंनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि हसायला येईल अशी भीती वाटली. पण हसू आलं नाही. कारण क्षणभर त्यांनी विचार केला होता. बहीण वाचत होती. खोली वाचत होती. फक्त एक वर्ष आणखी काळं पाणी, आणि ते त्यांच्या स्वतःच्या नळाला येत नव्हतं.

"हे मी ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या आणि बहिणीला आणायला गेल्या.

६

सभागृह भरलं. पुढे नगरपालिकेचे अधिकारी, त्यांच्या बाजूला पाहुणे, मागे वस्ती. वस्ती बोलत नव्हती, आणि वस्तीचं न बोलणं हे ओरडण्यापेक्षा वाईट. अभियंता कपडे बदलून आला होता, पण नखांत चिखल होताच. भिंतीवर तो नकाशा, डोळ्यांना गार वाटावा असा हिरवा.

बाईंनी बहिणीला वाटेत सगळं सांगितलं होतं. प्राध्यापकांनी देऊ केलेली सुटकाही. बाईंना वाटत होतं ती बिघाड म्हणेल. म्हटलं असतं तर त्यांनी तिला दोष दिला नसता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, टाकीखालच्या वस्तीतून एकही तक्रार नाही असं धरायचं का? प्राध्यापक उठायला लागले. त्यांच्या आधी बहीण उठली.

"धरू नका," ती म्हणाली. "तक्रारी होत्या. माझ्या सांगण्यावरून गेल्या."

मागून एक खुर्ची करकरली. तिने लोकांकडे तोंड केलं, अधिकाऱ्यांकडे नाही. पैसे घेतले नाहीत, पण सांगितलं मीच. घरोघर जाऊन. या साहेबांनी मला सांगितलं की मिटवा दाबलं की तक्रार मिटते, आणि मी विचारलं नाही की मिटते म्हणजे काय होतं. त्यांना माहीत होतं. मला विचारता आलं असतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून बोट टेकवलंत, म्हणून मी उभी राहिले. आता मला काय म्हणायचं ते म्हणा. पण खरं ते असं आहे.

प्राध्यापक घाईघाईने बोलू लागले. तांत्रिक, भाषिक, गैरसमज असे शब्द सभागृहात भिरभिरत राहिले. मग लंबू उठला. कडेला भिंतीला धरून तो उठला आणि शब्द बदलायला सांगताना सर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. पदवीचं काय होणार याचा हिशोब त्याच्या तोंडावर लिहिलेला दिसत होता, आणि तरी तो बसला नाही. पाहुण्यांपैकी एकाने फाइल मिटली.

अधिकारी गोंधळले. नियम नियम असतो. सुनावणी संपेपर्यंत नकाशावर जे असेल तेच ग्राह्य. तेव्हा अभियंत्याने पाय लांब केले आणि शांतपणे विचारलं की मग सुनावणी संपलीय का? कारण मला तर अजून बरंच बोलायचंय. लाइनीच्या इतिहासावर. आणि तो बोलू लागला. गंज, जोड, नळजोडणीचे फेरूल, कुठला वॉल्व्ह कुणी कधी बसवला. इतकं कंटाळवाणं भाषण त्या सभागृहाने ऐकलं नव्हतं, आणि इतकं आवडतंही.

तोवर वस्ती हलली नव्हती. सगळे बाईंच्या बहिणीकडे बघत होते. ज्या शेजारणीने सकाळी कमरेला पदर खोचला होता ती उठली. शेजारीण बहिणीसमोर येऊन उभी राहिली, तिला खालपासून वर पाहिलं.

"मग आता परत कुठे दाबायचं, ते नीट सांग," ती म्हणाली. "माझं लेकरू एकटंय तिकडे, मला वेळ नाही."

रांग लागली. लंबूने संगणकावर बटणाचा शब्द खोडून जुना शब्द बसवला, मग विचार करून ते बटणच काढून टाकलं. खुर्च्या बाजूला सारल्या गेल्या. बहीण टेबलापाशी बसली आणि प्रत्येकाला फोनवरचा शब्दन् शब्द आधी त्याच्याच तोंडून वाचून घ्यायला लावू लागली. याचा अर्थ तुला काय वाटतो? आणि याचा? पहिला लाल ठिपका भिंतीवर उमटला, मग त्याच्या शेजारी दुसरा. प्राध्यापकांची खुर्ची केव्हा रिकामी झाली ते कुणी पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाचा टेम्पो येऊन संगणक घेऊन जाईल हे बाईंना आताच दिसत होतं, आणि तरी त्या भिंतीपाशी उभ्याच राहिल्या, कुठे बसावं ते न कळून.

रांगेत टपालवाले काका आले. त्यांना हे वाचून दाखवणं अपमानाचं वाटलं.

"मला येतं वाचता," ते मोठ्याने म्हणाले. "अख्खा जन्म लोकांची पत्रं वाटली मी."

"मलाही येत होतं, काका," बहीण म्हणाली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "वाचा. इथे काय लिहिलंय?"